ताईचा उशिरा येणारा हात

प्रिय ताई,
एकाच हाताने केलेला, पण पुरा नमस्कार.

मी बरी आहे. अर्धांगाच्या झटक्यापासून डावी बोटं अजून रुसलेली आहेत आणि प्रवासाला मनाई आहे, एवढंच. तुला जेवण जातं का? दम लागतो का अजून?

तुझ्यासाठी पियानोची एक रचना करते आहे. इथे पियानो नाही. लेकाच्या लॅपटॉपमध्ये आहे, पडद्यावरचा, पण आवाज खऱ्यासारखा. उजव्या हाताचं मी वाजवते, डाव्याचा एकेक सूर माउसने ठेवते.

कॉन्व्हेंटच्या शाळेत आपण एका बाकावर बसून वाजवायचो, तेव्हा खालचे सूर तुझे असायचे आणि ते हमखास उशिरा यायचे. सिस्टरने पट्टी मारली तरी उशिराच. म्हणून मीही ते मुद्दाम उशिरा ठेवले. दीड महिना खपले.

काल लेकाने एक बटण दाबलं. "आई, तुझे खालचे सूर मागे पडत होते. सगळे ठोक्यावर आणले." वर सेव्हही केलं शहाण्याने!

"गाढवा, ती चूक नव्हती, तुझी मावशी होती!"

तो हसला. मला हसू आलं नाही.

आता पुन्हा पहिल्यापासून मांडते आहे. तुझ्या लेकीने फोनवर सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तुला एकच महिना दिलाय म्हणे. देणारे हे कोण? मला दीड महिना लागणार आहे. उभ्या जन्मात तू कधी वेळेवर आली नाहीस, ताई. आता जातानाही उशीर कर.

तुझी, अजून ठोके मोजणारी,
धाकटी