वहीतली जमीन

प्रिय मामाजी,

तुम्हाला जाऊन महिना झाला. काल आत्याबाईंनी तुमची ग्रीक शब्दांची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तूच पूर्ण कर." मी, तुमची सून? मला बायबलचं ग्रीक येतं ते तुमच्या तोंडून ऐकलं तेवढंच! तरी लिहायला बसले, आणि वहीऐवजी हे पत्रच सुरू झालं.

वही उघडली ती 'गे' या शब्दाशी. खेड्यांत उपदेश करणाऱ्यांसाठी तुम्ही सोपं करून लिहिलंय: गे म्हणजे जमीन. बी पडतं ती माती गे, इस्राएलचा देश गे, आणि आकाशाच्या जोडीनं येते ती सगळी पृथ्वीही गेच. पुढचंमागचं वाक्य पाहून अर्थ ठरवावा. खाली येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला आहे, ज्यात काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जमिनीवर, काही चांगल्या मातीत; आणि एक खोडलेली ओळ: 'खडकाळ म्हणजे दगडगोट्यांची जमीन.' ती खोडलीत तेव्हा मी तिथेच होते.

आठवतं ना? माझे बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला आले होते. मी चर्चमध्ये लग्न केलं म्हणून चार वर्षं त्यांनी आपल्या नंदनवन वस्तीतल्या घराची पायरी चढली नव्हती. आले ते खुर्चीच्या टोकावर बसले. पाणीसुद्धा नको म्हणाले. मी स्वयंपाकघरात डोळे पुसत होते, आणि तुम्ही काय केलंत? त्यांना तो दाखला वाचून दाखवलात! मला घेरीच यायची बाकी होती.

पण बाबा हसले. "हा कसा कास्तकार होय गा? वाटेवर बी कोन टाकते? तिफण नाही काय त्याच्यापाशी?"

तिकडे तिफणीनं पेरत नसत, मुठीनं बी फेकत, तुम्ही सांगितलंत. मग खडकाळ जमिनीवर आलात, तर बाबांनी तुम्हाला, आपल्या व्याह्यांना, अडवलं. "दगडगोटे असले तं ओल टिकते, इवाईबुवा. पीक वाळते ते वर चार बोटं माती अन् खाली कातळ असला म्हणजे."

तुम्ही मूळ ग्रीक काढून पाहिलंत. "खरंच हो! 'जिथे फार माती नव्हती' असंच आहे!" आयुष्यभर शिकवलेली ओळ तुम्ही त्यांच्यासमोर खोडलीत आणि लगेच पुढचा प्रश्न विचारलात. त्या दुपारी बाबा आपल्याकडे जेवले. वांग्याची भाजी तर दोनदा मागून घेतली.

त्यासाठी मी तुमचे आभार कधी मानलेच नाहीत, मामाजी. किती ऋणी आहे मी तुमची!

एक तक्रारही आहे. नंतर बाबा आले की तुम्ही दोघं वही घेऊन बसायचात, आणि मी चहा ठेवून रेंगाळले तरी कधी म्हटलं नाहीत, बस तूही. पण खरं सांगू? मीच कुठे विचारलं बाबांना काही? कास्तकाराची पोरगी मी, आणि कॉलेजात मैत्रिणींसमोर त्यांच्या बोलण्याची लाज वाटायची मला.

दफनाच्या वेळी सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. बाबांना आपली रीत ठाऊक नव्हती. त्यांनी माती उचलली, बोटांनी चुरली आणि तशीच धरून उभे राहिले. मी म्हटलं, "टाका ना, बाबा." तर म्हणाले, "आता मले कोन इचारीन वं?"



वहीत अजून कितीतरी शब्द कोरे आहेत. खळं, कोंडा, जू. ग्रीकचं तुमच्या विद्यार्थ्यांना विचारून घेईन. पण या रविवारी मी गावी जाते आहे. बाबांसमोर बसेन, पेन उघडेन आणि म्हणेन, "बाबा, मले सांगा." हे वचन.

तुमची सून,
वर्षा