सुदामच्या गाडीतलं सिलिंडर

७ नोव्हेंबर, शुक्रवार

‘घाटरस्त्याच्या गाडीवाल्यांनो, धाबेवाल्यांनो! पाहुणा खूश झाला तर कौतुक त्याच्या फोटोंचं. काही पेटलं तर गुन्हा तुमच्यावर. आणि पेटू नये म्हणून काय करायचं, हे सांगायला आजवर कुणी फिरकलं नाही!’ — टोकावड्याला गाडीवाल्यांच्या सभेत भाषणाची सुरुवात अशी करायची. सभा १४ डिसेंबरला. एवढं लिहिलं आणि दारात हॉर्न.

सुदाम आला होता, गाडी दाखवायला. दादा गेल्यापासून हा भाचा माझ्याकडे प्रत्येक नवी गोष्ट आधी घेऊन येतो. शाळेची जुनी व्हॅन — आत दोन बिछाने, ओटा, शेगडी, त्याच्या बायकोने, दामिनीने शिवलेले पडदे. मुंबईची माणसं माळशेजला नेऊन गाडीतच मुक्कामी ठेवायची. भिवंडीच्या गोदामातली नोकरी सोडून आलाय तो. जमलं नाही तर परत तिथेच, दहा जणांच्या खोलीत. आणि दामिनी इथे एकटी.

मी विचारलं, सिलिंडर कुठंय? त्याने बिछान्याची फळी उचलली. खाली सिलिंडर. आडवं!

“उभं मावत नाय, आत्या.”

माणसं त्याच्यावर झोपणार. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. दामिनी म्हणाली, आत्याबाई, हे सभेसाठी ठेवा, आमी दोघंच आहोत.

९ नोव्हेंबर

आज आवाज न चढवता सांगितलं. हा गॅस हवेपेक्षा जड. धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. बंद गाडीत साचला, की एक ठिणगी पुरे. म्हणून सिलिंडर छोटं घ्यायचं, उभं ठेवायचं, पट्ट्याने आवळायचं. त्याला स्वतंत्र लोखंडी पेटी, दार गाडीच्या बाहेरून. आतल्या बाजूने पेटी हवाबंद, आणि तळाला भोक — गळलाच गॅस तर रस्त्यावर पडेल. गाडी चालू असताना सिलिंडर बंद.

सुदाम ऐकत होता. शेवटी म्हणाला, पाहुणे पंधरा तारखेला येतायत, तेवढ्यात होईल ना? म्हणजे पटलं.

१२ नोव्हेंबर

मुरबाडला वेल्डरकडे. तळाला भोक कुठे पाडायचं ते मी दाखवलं तसा तो हसायला लागला. बाई, पेटी बनवायची आणि वर तिला भोकही पाडायचं, मग पैसे कमी घेऊ का? पण काम सुरेख केलंय. आणखी चार गाडीवाले बघायला जमले. त्यांनाही तशाच पेट्या हव्यात. भाषण न करता झालेलं माझं पहिलं काम असावं हे!

१५ नोव्हेंबर

गाडी गेली. पाहुण्यांची दोन लहान मुलं खिडकीतून हात हलवत होती. सकुवहिनीने — सुदामच्या आईने — चाकाखाली लिंबू ठेवलं.

१६ नोव्हेंबर, रविवार



सगळे वाचले. आधी ते लिहिते.

सुदाम-दामिनी रात्री बाहेर तंबूत होते. सकाळी चहा करायला दामिनीने गाडीचं दार उघडलं तर वास. मुलं खालीच, गादीवर. तिने दिवा लावला नाही, शेगडीला हात लावला नाही. मुलांना ओढत बाहेर काढलं, आईबापांना हाका मारून उठवलं, मग मागून पेटी उघडून सिलिंडर बंद केलं. ती मुलं जागी व्हायला वेळ लागला, म्हणते. पाहुणे तिथूनच दुसऱ्या गाडीने निघून गेले.

रेग्युलेटरचं रबरी वायसर सैल होतं. पण पेटी होती ना! गॅस खाली का गेला नाही? सुदाम गाडीखाली शिरला. भोक बुजवलेलं. शेणमातीने. वर बोटांचे गुळगुळीत ठसे. गॅस पेटीत भरत गेला आणि शेगडीकडे जाणाऱ्या पाइपाभोवतीच्या फटीतून गाडीत उतरला.

वहिनीनेच बुजवलं होतं. परवा भाताची कणगी लिंपली, तेव्हा उरलेल्या शेणमातीच्या काल्याने. लपवलंही नाही तिने.

“उंदीर शिरला असता, वन्सं. पाइप कुरतडला असता. साठवायचं तर भोक ठेवायचं नाय, हे काय मी आज शिकू?”

सुदाम तिला नको ते बोलला. पोरं मेली असती तर तूच मारली असतीस, असंही.

१७ नोव्हेंबर

वहिनी जेवत नाही. मी दोनदा गेले. भिंतीकडे तोंड करून बसते.

जन्मभर तिने दाणा राखला तो भोकं बुजवूनच. आणि उंदराबद्दल ती खरंच बोलली, पाइप कुरतडतातच. मी सुदामला सांगितलं, दामिनीला सांगितलं, वेल्डरला सांगितलं. त्याच अंगणात सूप घेऊन बसलेल्या बाईला सांगावंसं कुणाला वाटलं नाही. सुदामला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, मी भिवंडीला जातो.

२१ नोव्हेंबर

गेला नाही. दामिनीने पिशवी लपवलीय. भोकाला बारीक लोखंडी जाळी बसवली — उंदीर बाहेर, गॅसही बाहेर. नवं वायसर, साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडा नाही. पण आईशी बोलत नाही तो. ताट पुढे आलं की उठून जातो.

३० नोव्हेंबर

तसंच.

१३ डिसेंबर

वहिनीला म्हटलं, उद्या सभेला चल. म्हणाली, “माझा गुन्हा सांगणार लोकांना?” मी म्हटलं, तुझं नावही घेणार नाही. मग म्हणाली, लुगडं धुतलेलं नाय.

१४ डिसेंबर

भाषण केलं नाही.

उभी राहिले आणि मैदानात लावलेल्या गाड्या दिसल्या. म्हटलं, आधी बाहेर चला, आपापल्या गाडीखाली बघा. कुणी हलेना. वहिनी मात्र उठली. पहिल्याच गाडीखाली गुडघे टेकून हात घातला. “हितं बी बुजवलंय.” मग सगळे वाकले. एकीत चिंधी, एकीत सिमेंट, दोन-तीनमध्ये शेणमाती. मुरबाडच्या वेल्डरने महिनाभरात बसवलेल्या पेट्यांपैकी एकच मोकळी निघाली. कुणाच्या आईने, कुणाच्या बायकोने, एकाने तर स्वतःच बुजवलेलं.

सुदाम आला. आईला दंडाला धरून उठवलं, गुडघ्यावरची माती झटकली. “चल आये, घरी जेवू.”

उद्या गावोगाव लावायच्या पत्रकात एवढंच: गाडी सुरू करण्याआधी खाली वाका. पेटीचं भोक मोकळं करा, जाळी बसवा — आणि ते का मोकळं ठेवायचं, हे घरातल्या म्हातारीला आजच सांगा.