तुझ्या कार्डावरचं पुस्तक

१२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर आहे. तुझा खोकला गेला का? भावोजींना सांग, छापखान्यातली नोकरी टिकून आहे. फोरमनशी झालं ते भांडण नव्हतं, चर्चा होती.

आता मुद्द्याचं. राज्य ग्रंथालयातलं तुझं कार्ड महिनाभरासाठी बंद झालंय. चूक माझी.

त्या कार्डावर मी पुलांच्या बांधणीवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. तळघरातून मागवावं लागतं, एकच प्रत आहे. मुदत वाढवायला गेलो तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "नाही वाढणार. दुसऱ्या वाचकाची मागणी आहे."

कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही, पण मी ओळखलं. माझ्या वर्गात होती त्या मुलीची. कॉलेजात हे पुस्तक मला तिनंच दाखवलं होतं. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलीय. तरी मी पुस्तक परत दिलं नाही. उलट तिच्या मैत्रिणीकरवी निरोप धाडला, पुस्तक माझ्याकडे आहे, येऊन माग. दीड वर्ष बोलली नाही, पुस्तकासाठी तरी बोलेल.

आली नाही. परवा वाचनकक्षात दिसली. पुढ्यात जुनी आवृत्ती, निम्म्या आकृत्या फाटलेल्या. पट्टी लावून एकेक अंदाजानं पुरी करत होती. मला बघितलं आणि पुन्हा पट्टी लावली. चिडली असती तर मी पुस्तक आणखी महिनाभर दाबून ठेवलं असतं, खरं सांगतो.

तसाच खोलीवर गेलो, पुस्तक आणून खिडकीत ठेवलं. बाईंनी पानं तपासली. "सतरा दिवस उशीर. निदान वाचलंत तरी?"

पहिलं प्रकरणसुद्धा उघडलं नव्हतं.

आणि ताई, सरांनी अपमान केला म्हणून कॉलेज सोडलं, असं मी तुम्हाला सांगत आलो. सरांनी काही केलं नव्हतं. ती नाही म्हणाली, म्हणून सोडलं.

कॉलेजात पुन्हा नाव घालायचा अर्ज काल दिला. सोबत ग्रंथालयाचा अर्ज पाठवतोय, माझ्या स्वतःच्या कार्डासाठी. जामीन म्हणून तुझी सही लागेल. मागच्या वेळी तू काही न विचारता कार्ड हातात ठेवलंस. या वेळी हवं ते विचार, मग सही कर.

कार्ड मिळालं की त्याच पुस्तकाची मागणी नोंदवणार. तिचं वाचून होईपर्यंत थांबेन. घाई नाही.

अर्जात 'व्यवसाय'पुढे आधी 'छापखाना' लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, खाडाखोड चालते.

तुझा भाऊ,
विद्यार्थी