ताठ मानेनं दिलेलं माप

बापू, तुमच्या लेकीनं प्रोग्रेसिव्ह चष्मा केला. एकाच काचेत तीन नंबर, आणि मधे रेघ नाही की खिडकी नाही. वरून पाहिलं की रस्त्यापलीकडं उभा असलेला हैदराबादचा ट्रक दिसतो, मधून पाहिलं की कापड बेतायचा टेबल, आणि खालून पाहिलं की सुईचं नेढं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय वं, तीन गिऱ्हाइकं एकाच खुर्चीवर बसवले का?" दुपारी दुकानात कोणी फिरकत नाही, म्हणून मशीनवरच कागद ठेवून लिहिते आहे. घरी आपण आपली बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायचो, पण शाळा मराठीत झाली, तेव्हा कागदावर मराठीच उतरते. दुकानात तर तुम्हीही दिवसभर वऱ्हाडीच बोलायचात, चालवून घ्या.

झालं असं की गेल्या वर्षभरात माझं भल्लं हसं व्हायला लागलं होतं. बाजारातून घेतलेले दोन चष्मे होते, एक जवळचा, एक लांबचा. एक डोक्यावर, एक गळ्यात दोरीनं बांधलेला, आणि मी दोन्ही शोधत दुकानभर फिरतेय. दारात बाई उभी राहिली की जवळचा काढा, तिला ओळखा, मग पुन्हा तो लावा, तोवर सुईतून धागा निसटलेला. दिवाळीच्या आधी एका शाळेतल्या मॅडमचा ब्लाउज शिवायला घेतला. कापड असं गुळगुळीत की उलटं कोणतं न सुलटं कोणतं, डोळ्यांना कळेचना. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या मी! अवं माय, पस्तीस वर्षं मशीन चालवणारी बाई मी, आणि ही चूक तर शिकाऊ पोरीही दुसऱ्यांदा करत नाहीत. मॅडम चांगली, काही बोलली नाही, कापड तेवढं उचलून घेऊन गेली. न बोलणारं गिऱ्हाईक परत येत नसतं, हे तुम्हीच शिकवलं होतं.

नेमकी तेव्हाच माझी लेक नागपूरहून दिवाळीला आलेली. तिनं सगळं पाहिलं आणि जेवताना म्हणाली, "आई, बस झालं न आता. मशीन विकून टाक, दुकान किरायानं दे, न माझ्याकडं ये." मी तडकले. म्हटलं, "कायले विकू? हात चालून राह्यले माहे अजून." ती म्हणाली, "हात चालते, पण डोळे?" पोरगी खोटं बोलत नव्हती, म्हणूनच राग आला. तिचे बाबा गेल्यापासून हे दुकानच माझं माणूस आहे. सकाळी वेणी घालून कुठं तरी जायला जागा लागते बाईला. नागपूरच्या चौथ्या मजल्यावर बसून मी काय कबुतरं मोजू? पण आतून घाबरले होते बापू, तुम्हाला सांगायला काय लाज. पुढचं कापड कापायला घेताना तीच रेघ खडूनं तीनदा मारली.

म्हणून यवतमाळला गेले. तिथं एक चष्मेवाले आहेत, पन्नाशीतले, बोलायला गोड. त्यांनी नंबर काढला, फ्रेम घातली, आणि म्हणाले, "ताई, या चष्म्याचं माप घ्या लागते. बुबुळ काचेत कुठं येते ते पाहून खूण करतो." मापाचं नाव काढलं आणि मला हसूच आलं. आयुष्य गेलं लोकांची मापं घेण्यात, आता माझं कोणी घेणार! नवी साडी नेसून गेले होते. पाठ सरळ केली, हनुवटी वर, मान ताठ, दम रोखून बसले. त्यांनी पेनानं दोन्ही काचांवर ठिपके दिले. पेपर वाचायला दिला, तोही मी हात लांब करून ऐटीत धरला.

आठ दिवसांनी चष्मा आला. लांबचं झकास. यष्टीच्या पाट्या अशा दिसल्या की कंडक्टरला विचारायचं कामच नाही. पण मशीनवर बसले आणि डोकंच फिरलं. सुई दिसेना. हनुवटी वर केली तर दिसे. म्हणजे कोंबडी पाणी पिऊन चोच वर करते तसं, एक टाका घालायचा आणि तोंड वर करायचं. संध्याकाळपर्यंत मान दगड झाली. चार दिवस काढले, आणि पाचव्या दिवशी चष्मा डबीत कोंबून भांडायला यवतमाळची गाडी धरली. वाटेत कोणत्या शब्दात बोलायचं ते सगळं पाठ करून ठेवलं होतं.

त्यांनी माझं बोलणं संपू दिलं. मग विचारलं, "ताई, काम काय करता तुमी?" म्हटलं, "शिलाई." त्यांनी एक स्टूल काउंटरला लावला, समोर रुमाल ठेवला. "शिवून दाखवा बरं. मशीन समजा ही." मी वाकले. रोज वाकते तशी, मान पुढं, खांदे आत. ते पोट धरून हसले. "त्या दिवशी तर लग्नाचा फोटो काढाले बसल्यासारख्या बसल्या होत्या तुमी! ते माप त्या बाईचं झालं. ही बाई तर आज आली."

बापू, तिथंच मला तुम्ही आठवलात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तुम्ही टेप गळ्यात टाकून गिऱ्हाइकाला आधी बसवायचात, पाणी द्यायचात. कापसाची पऱ्हाटी कशी आहे, बैल कोणाकडून घेतला, पोरीचं जमलं का. पोट आत ओढून आलेला माणूस बोलता बोलता सैल व्हायचा, तेव्हा कुठं तुमचा टेप हळूच कमरेभोवती जायचा. मी नवीन होते तेव्हा एका नव्या नवरीचं माप घेतलं. ती लाजून काठीसारखी उभी. ब्लाउज असा झाला की बिचारीला हात वर करून केस बांधता येईनात. तुम्ही तिच्यासमोर काही बोलला नाहीत. ती गेल्यावर मशीन थांबवून म्हणालात, "टेपाकडं पाह्यलं तू, बाईकडं नाई पाह्यलं. माप देताना माणूस खोटा उभा राह्यते. त्याले खरा होऊ द्या लागते." ते बोल मी पुढं शिकायला आलेल्या प्रत्येक पोरीला ऐकवले, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मीच खोटी बसले.

चष्मेवाल्यांनी मग पुन्हा माप घेतलं. तुरीचं कसं आहे म्हणाले, लेक काय करते म्हणाले. मी सांगत बसले, लेकीच्या तक्रारी तर फार आवडीनं सांगते मी. मधेच ते म्हणाले, "झालं." कधी ठिपके दिले मला कळलंही नाही! डोळ्यांपासून सुई किती लांब असते तेही वीत लावून मोजून घेतलं. नवी काच आली तेव्हा सांगितलं, "डोळे नका फिरवू, नाक फिरवा. आठ-दहा दिवस कडेनं हलल्यासारखं वाटन, घाबरू नका." पहिल्या दिवशी दुकानाच्या पायरीवर अडखळले, समोरचा पानवाला हसला, मी पण हसले. आता सवय झाली. सकाळी चष्मा नाकावर चढतो तो झोपतानाच उतरतो, आणि मधे मी त्याला विसरून जाते. धागा पहिल्या फटक्यात ओवते. काळ्या कापडावर काळा टाका घालते. तांड्यावरची एक म्हातारी आपली जुनी आरशांची चोळी, काचळी, घेऊन आली, आरसे निघालेले. सगळे आरसे बसवून दिले. ती पाठीवर थाप मारून म्हणाली, तुझ्या बापाचा हात आहे. लेकीचा फोन आला, "विकली का मशीन?" म्हटलं, "नाई, दुसरी पाहून राह्यली." कापायला घेतलं की रेघ एकदाच मारते. खरंच सुखात आहे मी.

सुखात आहे म्हणूनच हे लिहायला सुचलं, आणि लिहायचं होतं ते अजून लिहिलेलंच नाही.

तुमच्या हातून ती पॅन्ट चुकली तेव्हा मी बत्तीसची होते. निळ्या कापडावरची खडूची रेघ तुम्हाला दिसली नाही, कैची भलतीकडं गेली. गिऱ्हाइकासमोर मी म्हटलं, "बापू, ठेवा आता. तुमच्यानं होत नाई." तुम्ही ठेवलीत. दुसऱ्या दिवसापासून इस्त्री तुमची आणि बेतणं माझं. लोक म्हणायचे, पोरीनं बापाचं दुकान सांभाळलं.

मधे एकदा तुम्ही इस्त्री करता करता म्हणाला होता, "यवतमाळले डोळ्याचा डॉक्टर आहे म्हणते. जाऊ का एखाद्या दिवशी?" मी म्हटलं, लग्नाचा सिझन होऊ द्या. सिझन झाला, पावसाळा झाला, पुढचा सिझन झाला. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यानंतर सहा वर्षं तुम्ही याच दुकानात इस्त्री करत होतात.

सगळ्यांना मी सांगते, तेव्हा कामच इतकं होतं की वेळ मिळाला नाही. लेकीलाही हेच सांगितलं आहे. हा कागद कुठं जायचा नाही, तेव्हा एवढ्या ठिकाणी तरी खरी बसते. वेळ होता. तुमचे डोळे गेले नव्हते, नुसता नंबर बदलला होता, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. बारा वर्षं तुम्ही मला शिवू दिलं, बेतू दिलं नाही.

कैची मले पाह्यजे होती, बापू.