तोंडी परीक्षेला सत्तार

देऊळघाट, ता. ९ फेब्रुवारी
मला ऐकू येत नाही, म्हणून केलेल्या अर्जाला कॉलेजचं उत्तर आलं. रसायनाच्या तोंडी परीक्षेत प्रश्न लिहून मिळणार नाहीत. लिहिले तर ती तोंडी राहत नाही म्हणे. समोर माणूस बसवून त्याच्याकडून प्रश्न वदवून घेता येईल, मी त्याचे ओठ वाचायचे. अट एकच, त्याला रसायन येता कामा नये. बाबांनी पाटीवर लिहिलं, यंदा नाही जमलं तर शिक्षण बंद. काहीच वाटलं नाही. गेल्या वर्षी परीक्षकांच्या मिशांकडे बघत गप्प बसलो, नापास झालो, तेव्हाही नव्हतं वाटलं.

१० फेब्रु.
माणूस कोण? विषमज्वरात कान गेले तेव्हापासून नीट वाचता येतात ते सत्तारचेच ओठ. मिशी बारीक कातरलेली, आमच्या लोकांसारखं ओठांवर छप्पर नाही. बांगड्यांचं दुकान, इंग्रजी चार यत्ता, रसायन शून्य. अटीत चपखल. विचारलं. म्हणाला, "येतो न बे. काऊन नाही येनार?"

१७ फेब्रु.
दुकानात सराव. इंग्रजी आलं की सत्तार साहेबासारखं तोंड वाकडं करतो, मग काही कळत नाही. म्हटलं, बायांशी भाव करतोस तसं बोल. तेव्हा कुठे जमलं. बाया हात पुढे करून ताटकळलेल्या आणि हा मला सल्फ्युरिक अ‍ॅसिड म्हणून दाखवतोय. कुणी चिडलं नाही. आंधळ्या-बहिऱ्याचं सगळ्यांनाच वाईट वाटतं. त्याचाच मला कंटाळा.

२ मार्च
रोज तेच. आता सत्तार प्रश्नामागोमाग उत्तरही पुटपुटतो. म्हटलं, विसर ते, अटीत बसणार नाहीस. हसला. मला हसू आलं नाही.

नागपूर, ११ मार्च
झाली एकदाची. दोन परीक्षक, सत्तार माझ्यासमोर, नवी टोपी घालून. सुरुवातीचे प्रश्न सुटले. मग एक अडला. त्याने पुन्हा म्हटला, पुन्हा म्हटला. ओठ दिसत होते, शब्द नाही. त्याच्या कपाळावर घाम. उत्तर त्याला येत होतं, डोळ्यांवरून कळलं. सांगितलं नाही. शेवटी परीक्षक आपसात काहीतरी बोलले. सत्तार ऐकत होता. मग आम्हाला जायला सांगितलं.

देऊळघाट, १३ मार्च
मलकापूर येईपर्यंत गाडीत सत्तारला विचारत होतो, ते दोघं परीक्षक काय बोलले. "मले एवढं इंग्रजी कुठी समजते." एवढंच.
संध्याकाळी बाबांनी त्याला विचारलं. आजवर माझ्यादेखत तो कुणाशीही बोलला तरी तोंड माझ्याकडे ठेवून. आज पाठ करून उभा राहिला. बराच वेळ बोलला. बाबांनी मान हलवली. आई आत निघून गेली.
राग यायला हवा होता. ताट वाढलं होतं, जेवलो. निकालाला अजून अवकाश आहे.