कोरडे आटे

ता. ४ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पत्र पाहून दचकाल. लग्नाला आठ वर्षं झाली आणि वहिनीचं हे पहिलंच पत्र, तेही कामापुरतं. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही ‘बरं’ आणि ‘ठीक’च्या पुढे जात नाही, असं हे सांगतात.

मला आरोग्य केंद्रात लस देणाऱ्या नर्सची नोकरी लागली आहे. डोंगरावरच्या पाच वस्त्या माझ्याकडे. केंद्राची जीप पुलापर्यंतच जाते, म्हणून तुमच्या दादांची मोटरसायकल बाहेर काढली. हे बोटीवर, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता.

गाडी चालते, पण चढावर भांडल्यासारखी फटफटते, आणि तासाभराने माझं डोकं असं धरतं की सुई भरताना थांबावं लागतं. इथल्या मेकॅनिकने वाकून पाहिलं. सायलेन्सरचा पाईप इंजिनाला जिथे बसतो तिथलं गॅस्केट, म्हणजे मधली चकती, जळलंय आणि धूर तिथूनच सुटतो, असं तो म्हणाला. ते बदलायचं तर दोन नट काढावे लागतील, आणि ते इतके जाम आहेत की जोर लावला तर ते ज्या दांड्यावर बसतात तो स्टडच तुटून आत राहील, मग इंजिनाचं अख्खं हेड उतरवायचं. एवढं सांगून त्याने हात जोडले.

मला कायम करायचं की नाही ते महिनाअखेरीस ठरेल. वरच्या वस्त्यांवर जो वेळेत पोचेल त्यालाच ठेवणार, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय.

सासूबाईंना या पत्राचा पत्ता नाही. तुमचं नाव घरात निघत नाही, ते तुम्हाला मी काय सांगणार. माय-लेकींच्या भांडणात मी पडत नाही. मला फक्त दोन नट सोडवून हवेत.

वहिनी म्हणून जमत नसेल तर गिऱ्हाईक म्हणून तरी लोभ ठेवा.

तुमची
वहिनी


ता. ९ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र गॅरेजात, एका गाडीखाली आडवं पडूनच वाचलं. कागदावरचा डाग ऑइलचा आहे, भलतं काही समजू नकोस.

आधी कबुली देते. ते नट मीच आवळलेत, घर सोडलं त्या सकाळी. आदल्या दिवशी आईने बजावलं होतं, की गॅरेजात हात काळे करायचे तर या घरात राहून नाही. दादाने गाडीचं काम सांगून ठेवलं होतं, तेवढं उरकून निघायचं ठरवलं. सगळा राग पान्यात उतरला. आटे पुसले नाहीत, त्यांना काही लावलं नाही, कोरडेच आवळले, तेही लांब पाना घालून. ती जागा तापते, निवते, पुन्हा तापते, वर रस्त्याचं पाणी उडतं. गंज चढून लोखंड लोखंडाला धरून बसतं. अकरा वर्षांनी तुझं डोकं दुखतंय त्याला कारण मी.

गाडी सुधारेपर्यंत चालवू नकोस, तो धूर वाईट. गाडी थंड असताना ब्रशने गंज झाड आणि सोबत पाठवलेलं तेल नटाच्या मुळाशी सोड. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. मधूनमधून हलकेच ठोक, शेजाऱ्याचं दार वाजवावं तेवढंच. पाचव्या दिवशी तेल पुसून इंजिन थोडं तापव, बंद कर, हाताला सोसेल इतकं निवू दे. मग मी पाठवलेलाच पाना लाव, तो नटाला सगळीकडून धरतो. आधी केसभर आवळ, मग सोडव. हलला की थोडा पुढे, थोडा मागे. अडला तर थांब.

बसवताना माझ्यासारखं करू नकोस. आटे घासून लख्ख कर. जुनं गॅस्केट खरवडून काढ, नवं सोबत आहे. जुने नट टाकून दे. नवे पितळी पाठवलेत, ते सहसा धरून बसत नाहीत. डबीत तांब्याची पेस्ट आहे, ती फक्त आट्यांवर पातळ लाव. साधं ग्रीस नको, ते तिथे जळून जातं. पेस्टने नट सहज सरकतो, म्हणून नेहमीपेक्षा जरा कमीच आवळ, दोन्ही आळीपाळीने. आठवड्याने थंड गाडीवर पुन्हा तपास. आणि वर्षातून एकदा काढायचे, पुसायचे, पेस्ट लावून परत बसवायचे. मग ते जन्मात जाम व्हायचे नाहीत.

आईचे गुडघे कसे आहेत? मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

गिऱ्हाइकाला लोभ मिळत नाही, फक्त पावती मिळते. वहिनीला मिळेल.

तुझी
नणंद


ता. २२ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तेलाच्या वासाने घात केला. दुसऱ्याच दिवशी सासूबाई मागच्या अंगणात आल्या आणि हे काय मांडलंय म्हणाल्या. मी थाप मारणार होते, पण तुमचं पत्र सीटवर उघडं पडलं होतं. त्यांनी चष्मा आणला, उभ्या उभ्या सगळं वाचलं, नीट घडी घातली आणि आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी वस्त्या पायी करून मी अंधार पडताना परतले, तर नटांवर ताजं तेल. विचारलं तर म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ लिहिलंय, तुझी वाट बघत बसले असते तर संध्याकाळ गेली असती.

पाचव्या दिवशी त्या स्टुलावर टॉर्च धरून बसल्या. डावा नट सुटला. उजवा काही ऐकेना. मी पान्यावर पाय देणार, तोच त्यांनी माझा दंड धरला. म्हणाल्या, तिने थांबायला सांगितलंय तिथे थांबायचं, या कामातलं तिला कळतं. वन्सं, हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवलंय.

आणखी तीन दिवस तेल दिलं. काल उजवा एकदा करकरला आणि फिरला. दोन्ही स्टड शाबूत आहेत. नवं गॅस्केट मी बसवलं, पेस्ट सासूबाईंनीच लावली. आधी मलमासारखी थापली, मग तुमचं पत्र पुन्हा वाचून निम्मी पुसून काढली.

आज पाचही वस्त्या झाल्या. शेवटच्या वस्तीवर लसींचा डबा उघडला तेव्हा आतला बर्फ तसाच होता. अकरा बाळांना टोचलं, अकराही रडली, माझं डोकं मात्र एकदाही दुखलं नाही.

गुडघे बरे नाहीत. हे त्यांनीच कळवायला सांगितलं, आणि त्यांनी सांगितलं हे कळवू नकोस असंही सांगितलं.

आता लोभ मागत नाही, हक्काने घेते.

तुमची
वहिनी


ता. २७ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. समोर ब्रेक बदलायला आलेला माणूस शेवटी खाकरला.

गुडघ्यांसाठी पट्टा पाठवते. कुठून आला ते सांगायचं की नाही, तूच ठरव. आणि कधी विषय निघाला तर आईला एवढं सांग, की गॅरेज आता माझं स्वतःचं आहे आणि पाटीवर आपलं आडनाव आहे. विषय निघाला तरच. आठवड्याने नट तपासायला विसरू नकोस.

नोकरीचं काय ठरलं ते लगेच कळव. जीव टांगणीला आहे.

तुझी
नणंद


ता. २० मार्च, पुढचं वर्ष

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनी कायम झाल्याचं तिने तुला मागेच लिहिलं. तुमची पत्रं वर्षभर मी वाचते आहे, तीही मुद्दाम टेबलावर ठेवते. आपण लिहावं असं रोज वाटे, पण कागद घेतला की हात थांबे.

वर्ष झालं म्हणून काल नट काढले. वहिनी कामावर होती, मी एकटीनेच काढले. पाना लावला आणि नुसत्या मनगटाने फिरले. आट्यांवर गंजाचा ठिपका नव्हता. पुसून, पेस्ट लावून परत बसवले. संध्याकाळी तिने तपासले, तिला काही दुरुस्त करावं लागलं नाही.

त्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. दोन नट आवळायला दोन तास लागत नाहीत, एवढं मलाही कळत होतं. मी बाहेर येऊन थांब म्हणेन, याची तू वाट बघत होतीस. चहाचे दोन कप भरून मी दारापर्यंत आले होते. मग तू पाना ठेवलास, हात पुसलेस आणि निघालीस, आणि मी दार उघडलं नाही. चूक माझी होती. दादाच्या लग्नाला येऊन लग्नघराच्या दारातून तू परत गेलीस, तेव्हाही माझीच होती.

येत्या शनिवारी आम्ही दोघी तुझ्याकडे येतो आहोत, मोटरसायकलवर. मी मागे बसणार. तुझा दादा बोटीवरून फोन करून या वयात हे नको म्हणत होता. त्याला सांगितलं, नट मी स्वतः आवळलेत.

आम्ही येणार म्हणून गॅरेज बंद ठेवू नकोस. मला तुला काम करताना बघायचं आहे.

तुझी
आई