दुसऱ्यांच्या बेकरीतला पाव

सिस्टरबाई, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली. मी सांगतेय आणि नात लिहितेय. अक्षरं शिकायला तुम्ही दिलेली पाटी मी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली, म्हणून ही वेळ.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि आम्ही देवगाव रंगारीहून शहराजवळच्या दुष्काळी छावणीत आलो. तुम्ही मला मिशनच्या अन्नछत्रात चुलीवर घेतलं. बाहेरदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी आम्ही थापायच्या आणि तुम्ही शेजारी बसून तुमच्या हॉलंडचं सांगायच्या. येशू एकच, पंथ मात्र दोन. एके काळी तुमच्या पंथाला बंदी, म्हणून माळ्यावर लपून प्रार्थना. बाहेरून घर, आत चर्च. पुढं मोकळीक मिळाली, तर शाळा वेगळी, दवाखाना वेगळा, पाववालासुद्धा आपापल्या पंथाचा. लहानपणी तुम्ही दुसऱ्यांच्या बेकरीतला पाव खाल्ला, तर आईनं थोबाडीत दिली. मी म्हणाले, "एवढे गोरे लोक, आणि अक्कल आमच्याएवढीच?" तुम्ही लई हसलात.

माझ्या शेजारी आमच्याच गावची, पण गावकुसाबाहेरची एक बाई भाकरी थापायची. ते पीठ मेलं सगळ्यांच्या हातात चिरायचं, तिच्या नाय. तीन लेकरं त्या चुलीवर जगत होती. एक दिवस रांगेतल्या बायका तिच्या हातचं नको म्हणाल्या. दोन दिवस तुम्ही तिला चुलीवरच ठेवलंत. तिसऱ्या दिवशी तिला भांड्यांवर बसवलंत. ती पिठाच्या हातांनी तशीच उभी.

"सिस्टर, काल चालत होता की हा हात."

"लोक उपाशी राहतील, बाई," एवढंच तुम्ही बोललात.

ती लेकरं घेऊन खडी फोडायला गेली. पुन्हा दिसली नाय. पावापायी थोबाडीत खाल्लेल्या बाईनं असं करावं, म्हणून मी जन्मभर तुम्हाला नावं ठेवली.

आता त्या चुलीच्या जागी सात मजले उभे आहेत. परवा नातीसाठी तिथं खोली बघायला गेलो. मालकानं आधी आडनावं विचारली. आमचं चाललं. तिच्या सोबत राहणाऱ्या मैत्रिणीचं नाय चाललं. मालकानं दिलेली किल्ली नातीनं टेबलावर ठेवली आणि जिना उतरली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय.

हा कागद तुमच्या कबरीवर ठेवायचा होता. आता नेत नाय. रांगेतल्या बायका परगावच्या होत्या, सिस्टरबाई. ती कुठल्या वस्तीतली, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सगळे तिचीच भाकरी मागायचे, माझी कुणी नाय, म्हणून मीच त्यांना सांगितलं.

नातीचा पेन थांबलाय. तिला म्हणलं, हेही लिही.